हातखंब्याचे एकवीस गुंठे आणि बागेसमोरचा फ्लॅट

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा मुंब्र्याहून फोन आला. सलाम झाला, तब्येतीची विचारपूस झाली आणि मग तो मुद्द्यावर आला. "आपा, हातखंब्याच्या जागेला गिऱ्हाईक आलंय. तुझी सही लागेल."

हातखंब्याची जागा म्हणजे आमच्या अब्बांची एकवीस गुंठे जमीन. मुंबई-गोवा महामार्गापासून चालत दहा मिनिटांवर. अम्मी आधीच गेली होती. अब्बा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावंडांची नावं लागली. शरीयतच्या हिशेबाने चौदा गुंठे त्याचे, सात माझे. जमिनीत हापूसची नऊ कलमं, एक म्हातारा रायवळ आंबा, दोन फणस, एक जांभूळ आणि गडग्याच्या कडेने काजू. उत्पन्न म्हणाल तर फार नाही. फवारणी आणि राखणीचा खर्च निघतो, आणि नातेवाइकांना एकेक पेटी जाते.

भावाला जमीन विकायची आहे ती चैनीसाठी नाही. त्याच्या धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे. घर बायपासच्या जवळ, खिडकी उघडली की धूळ. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलं आहे. ठाण्यात त्याने एक फ्लॅट पाहिला, समोर महापालिकेची बाग. त्याच इमारतीत मागच्या बाजूचा, रस्त्यावर तोंड असलेला तेवढाच फ्लॅट बराच स्वस्त होता. पण त्याला बागेसमोरचाच हवा होता. "खिडकीतून झाडं दिसतात, आपा. पोरगी तिथे दोन तास खेळली, एकदाही खोकली नाही."

मग तो जरा थांबून म्हणाला, "एक गोष्ट आहे. एजंट म्हणतो, झाडं काढून जागा साफ करून दिली तर भाव वाढवून मिळेल. प्लॉटिंगवाल्यांना मोकळी जागा लागते."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे हातखंब्याला झाडं तोडली की भाव वाढणार आणि ठाण्यात झाडं दिसली की भाव वाढणार. इथली झाडं तोडून तिथली झाडं बघायची खिडकी विकत घ्यायची. या व्यवहारात माझा भाऊ चुकतोय असं मला वाटत नाही. पण काहीतरी चुकतंय, एवढं नक्की. ते काय, हे समजून घ्यायचा हा प्रयत्न.

बागेजवळच्या घराला जास्त भाव का मिळतो, हे आपल्या कोकणी माणसाला आंब्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. हापूसच्या एका डझनाचा भाव म्हणजे नुसत्या बारा फळांचा भाव नसतो. त्यात फळाच्या वजनाचा भाव असतो, डाग नसल्याचा असतो, हंगामाच्या सुरुवातीला आल्याचा असतो आणि रत्नागिरी किंवा देवगड या नावाचाही असतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते यासाठीच, की नावाचा पैसा दुसऱ्या कुणी खाऊ नये. घराचंही तसंच. किमतीत चौरस फूट असतात, मजला असतो, स्टेशन असतं, शाळा असते आणि खिडकीसमोर काय आहे तेही असतं. अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये अशा गुणांच्या किमती वेगळ्या काढण्याची रीत मांडली. हजारो घरांचे व्यवहार घ्यायचे, बाकी सगळं सारखं धरायचं आणि बागेमुळे किती फरक पडला ते काढायचं.

या रीतीने जगभर अभ्यास झाले. अमेरिकेतले जॉन क्रॉम्प्टन यांनी २००१ मध्ये असे तीस अभ्यास तपासले. त्यांतल्या पंचवीस अभ्यासांत बागेजवळच्या घराची किंमत वाढलेली आढळली. शांत, झाडी असलेल्या बागेला लागूनच्या घरासाठी अंदाजाची सुरुवात वीस टक्क्यांपासून करायला हरकत नाही, असं त्यांनी सुचवलं. अंतर वाढत जातं तसा हा फायदा ओसरतो. त्यातही ज्या मैदानावर रात्री दिव्यांत सामने होतात आणि गाड्यांची गर्दी होते, त्याला अगदी लागून असलेल्या घराला फायदा कमी. आणखी एक गोष्ट बाल्टिमोर शहराच्या २००८ मधल्या अभ्यासातून पुढे आली. जिथे गुन्हेगारी फार, तिथे बाग जवळ असणं घराचा भाव उलट कमी करतं. म्हणजे किंमत नुसत्या हिरव्या रंगाला नाही. किंमत आहे ती राखलेल्या, सुरक्षित आणि जवळच्या हिरवाईला.

म्हणूनच आमच्या गावात उलटं गणित आहे. डांबरी रस्त्याला लागून असलेलं घर महाग, रानाला लागून असलेलं स्वस्त. रानातून साप येतो, बिबट्या येतो, पावसाळ्यात वाट बंद होते. जिथे सगळीकडेच झाडं आहेत तिथे झाडाला कोण पैसे मोजणार? आम्हाला कमतरता रस्त्याची, म्हणून भाव रस्त्याला. मुंबईला कमतरता सावलीची, म्हणून भाव सावलीला.

आणि ही कमतरता साधी नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईत माणशी एक नमाजाची चटई अंथरता येईल, फार तर त्याहून थोडी अधिक. शिवाजी पार्कचे सुमारे अठ्ठावीस एकर आहेत म्हणून सारं दादर श्वास घेतं, आणि त्या अठ्ठावीस एकरांच्या भोवतीचं घर सामान्य माणसाने नुसतं पाहावं.

इथे पहिला प्रश्न येतो. बाग सगळ्यांच्या पैशाने होते, माळ्याचा पगार सगळ्यांच्या करातून जातो, मग तिच्यामुळे वाढलेली किंमत कुणाच्या खिशात जाते? समोरच्या घरमालकाच्या आणि त्याहून जास्त बिल्डरच्या. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुलं झालं, तेव्हा तिथल्या लोकांनी हा हिशेब आधीच ओळखला होता. बागेसाठी जमीन घेतानाच भोवतीची जमीनही घेतली आणि तिचे प्लॉट विकून बागेचा खर्च काढला. म्हणजे बागेने वाढवलेला भाव बागेकडेच परत आला.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना कायदा आला. आजच्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही नगररचना योजनेत जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीचा काही हिस्सा, जास्तीत जास्त निम्मा, योजनेच्या खर्चासाठी मालकांकडून घेण्याची सोय आहे. कायदा आहे. पण बागेसमोरच्या टॉवरची जाहिरात पाहताना तो कुणाला आठवत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. बाग झाली की तिच्याजवळ राहतं कोण? न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क जगात नावाजलेलं. पण ते उभारण्यासाठी तिथली सेनेका व्हिलेज नावाची वस्ती १८५७ पर्यंत उठवली गेली. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांची स्वतःची घरं, चर्चेस, शाळा. आज त्या पार्कसमोरच्या घरांच्या किमती आपल्याला वाचूनही चक्कर येते. त्याच शहरात २००९ मध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर 'हाय लाइन' नावाची बाग झाली, आणि आजूबाजूची भाडी अशी वाढली की जुन्या भाडेकरूंना आणि छोट्या दुकानदारांना तिथे राहणं परवडेना.

मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घ्या. शंभरहून अधिक चौरस किलोमीटर जंगल, शहराचं फुप्फुस. ते वाचलंच पाहिजे, यात माझ्या मनात शंका नाही. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. जंगलाच्या कडेला मात्र टॉवर उभे राहिले, आणि 'जंगलाचा नजारा' हा त्यांच्या जाहिरातीतला पहिला शब्द झाला. उद्यानाभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघायला २०१६ साल उजाडलं. झाडांजवळ गरीब राहिला तर तो अतिक्रमण आणि श्रीमंत राहिला तर ती जीवनशैली, असा हा मामला आहे.

आता मुंब्र्याकडे येते. मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे. एका बाजूला पारसिकचे हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. निसर्गाने काही कमी दिलेलं नाही. पण १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं जीव मुठीत धरून इथे आली. त्यांत आमच्या रत्नागिरीतली आणि चिपळूण-खेडची कोकणी माणसंही होती. जिथे आधी माणसं येतात आणि मागून नियोजन येतं, तिथे इमारतीला इमारत चिकटते आणि बागेची जागा उरत नाही. डोंगर खिडकीतून दिसतो, पण मुलांना खेळायला जिना.

माझ्या भावाने ठाण्यात पाहिलेला हा फ्लॅट पहिला नव्हता. आधी त्याने आणखी दोन पाहिले होते, दोन्ही बागेजवळ. एका ठिकाणी फोनवर सगळं ठरलं, पाहायला गेल्यावर नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की फ्लॅट 'कालच गेला'. दुसऱ्या ठिकाणी सोसायटीचे लोक फार अदबीने बोलले. "तुम्हाला इथे करमणार नाही," म्हणाले. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. असं कुणाकुणाशी होतं हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. एकटी राहणारी बाई, मांसाहारी कुटुंब, अमुक आडनावाचा माणूस, सगळ्यांना हा अनुभव आहे. पण घरांच्या किमतींचे अभ्यास वाचताना मला राहून राहून वाटतं की या हिशेबात एक रकाना राहून गेला. बाजारात भाव ठरतो असं आपण म्हणतो, पण पैसे घेऊन आलेल्या प्रत्येकाला बाजाराचं दार उघडत नाही. ज्याला ते उघडत नाही तो बाग नसलेल्या वस्तीत आणखी दाटीने राहतो. मग 'तिकडची वस्तीच तशी' म्हणायला लोक मोकळे.

याच्या उलट एक जुनं, चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. तिथे मंचेरजी जोशी नावाच्या अभियंत्याने ट्रस्टकडे पाठपुरावा करून पारशी समाजातल्या निम्नमध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. दादर पारशी कॉलनी उभी राहिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, जवळ पाच बागा. बागेजवळ राहायला श्रीमंत असावं लागत नाही, आखणी आधी असावी लागते, हे त्यांनी दाखवून दिलं. पण एक समाज एका जागी राहिला की बाकीच्यांना दार बंद होतं, हेही मी विसरत नाही. मला त्यातला समाज नको, त्यातला क्रम हवा. आधी झाडं, मग घरं.

हातखंब्यात हा क्रम अजून आपल्या हातात आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा मिऱ्या-नागपूर महामार्ग इथे भेटतात. तिठ्यापासून रत्नागिरी शहर पंधरा किलोमीटरच्या आत. खेडशी, कुवारबावपर्यंत शहर येऊन पोहोचलं आहेच. चौपदरीकरण झालं की ते हातखंब्यापर्यंत सरकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून तर एजंट आमच्या एकवीस गुंठ्यांसाठी भावाला सारखे फोन करतो आहे.

चौपदरीकरणात या महामार्गाच्या कडेची जुनी झाडं गेली. मी शाळेत असताना एस.टी.ची वाट पाहत ज्यांच्या सावलीत उभी राहायचे, त्यांतलं एकही आता नाही. रस्ता हवाच होता. आमच्या वळणांवर किती माणसं गेली हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे रस्त्याच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. पण या निमित्ताने किमतीचं एक गुपित कळलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवरच्या झाडांचं तज्ज्ञांकडून वेगळं मूल्यांकन करून घेण्याची तरतूद आहे. ज्याचं हापूसचं कलम गेलं त्याला फळ देणाऱ्या झाडाचे पैसे मिळाले. रस्त्याकडेच्या वडाचे कुणाला मिळाले? वडाला विकण्यासारखं फळ नाही आणि मालक सरकार. त्याची सावली ज्यांनी वापरली ते पाटीवाले, मासेवाल्या, शाळेची पोरं, त्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. सगळ्यांचं जे असतं त्याच्या किमतीचा कागद कुणाकडेच नसतो.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी काही जागा किमतीच्या बाहेरच ठेवल्या. हिंदू गावकऱ्यांची देवराई, जिला आमच्याकडे देवरहाटी म्हणतात, तिथलं झाड तोडायचं नाही. आमच्या कब्रस्तानातही तसंच. माझ्या माहितीतल्या कितीतरी गावांत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी झाडं या दोनच ठिकाणी आहेत. गंमत म्हणजे या दोन्हींना लागून घर बांधायला लोक कचरतात. गावातली उत्तम हिरवाई अशी, की तिच्यामुळे शेजारच्या घराचा भाव वाढत नाही. कदाचित म्हणूनच ती टिकली.

मग करायचं काय? प्लॉट पडू नयेत असं मी म्हणत नाही. माझ्या भावासारख्या लोकांना पैशाची गरज आहे, आणि रत्नागिरीत नोकरी करणाऱ्या शिक्षकाला, नर्सला, रिक्षावाल्याला घर हवं आहे. माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

एक, प्लॉटिंगच्या आराखड्यातली मोकळी जागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमची जमीन त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे आमच्यासारखे लहान तुकडे एकेक करून विकले गेले तर नियम लागणारच नाही, आणि दहा वर्षांनी तिठ्याजवळ शंभर घरं असतील पण एका झोपाळ्यापुरती जागा नसेल. जिथे नियम लागतो तिथे ती दहा टक्के जागा वहाळाच्या काठाची, उताराची, कुणाला नको असलेली निघते. ग्रामसभेत हा विषय आताच यायला हवा. तुकडे विकले गेल्यावर नाही.

दुसरी गोष्ट झाडांची. आंबा, फणस, जांभूळ तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. पण परवानगी हा अडथळा म्हणून पाहिला जातो आणि 'साफ' जागा हा गुण म्हणून. प्लॉट घेणाऱ्यांनीच विचारावं, झाड ठेवून घर बसतं का? तीस वर्षांचं कलम तोडून तिथे नर्सरीतून आणलेला शोभेचा पाम लावणं हा निव्वळ तोट्याचा सौदा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी. शहरात बाग मोठीच हवी असं नाही. एकच मोठी बाग झाली की तिच्याभोवती भाव चढतो आणि गरीब लांब जातो. दहा लहान बागा झाल्या तर भाव कुठे एकवटत नाही आणि श्वास सगळ्यांना मिळतो. मुंब्र्यासारख्या वस्तीत मशिदीचं आवार आहे, मदरशाचं अंगण आहे, शाळेचं पटांगण आहे, कब्रस्तानाची कड आहे. महापालिकेकडे बाग मागत राहायचंच, तो आपला हक्क आहे. पण जमातच्या ताब्यातल्या जागेवर फरशी घालायची की झाड लावायचं, हे ठरवायला महापालिका लागत नाही. अब्बा कलम बांधताना म्हणायचे, लावलेल्या झाडाचं फळ माणसाने खाल्लं, पाखराने खाल्लं, चोराने नेलं तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो. त्या हिशेबात झाडाजवळच्या घराचा भाव किती वाढला याचा रकाना नाही.

आता सहीचं सांगते. भावाला मी नाही म्हटलं नाही. मुलीचा श्वास आणि अब्बांची झाडं अशी निवड असेल तर अब्बांनीही मुलगीच निवडली असती. त्याच्या चौदा गुंठ्यांना माझी हरकत नाही. वाटणी करून घेऊ, मोजणी आणू. माझे सात गुंठे मात्र मी विकणार नाही. रायवळ, फणस, जांभूळ आणि तीन कलमं माझ्या वाट्याला येतील अशी हद्द घालायला तो कबूल झाला आहे. उरलेली सहा कलमं तो स्वतः तोडणार नाही. एजंटने भाव कमी केला तरी जमीन झाडांसकट देईन म्हणाला. घेणारा पुढे काय करेल ते घेणाऱ्याच्या ईमानावर.

भाऊ हसून म्हणाला, "आपा, तुला कळतंय ना? बाजूला प्लॉट पडले की ते लोक जाहिरातीत लिहितील, 'आमराईला लागून'. झाडं तुझी, भाव त्यांचा."

मला कळतंय. एवढं सगळं वाचून शेवटी मी त्याच जागी येऊन उभी राहिले, जिथे बाग राखणारा एक आणि किंमत घेणारा दुसरा असतो. फक्त एक अट घालणार आहे. गडग्याला एक बेडं ठेवायचं आणि त्याला कुलूप नसेल. त्या प्लॉटमधली पोरं, कुणाचीही असोत, मे महिन्यात रायवळाखाली यायला मोकळी.